पिपेटच्या टोकाचा थेंब

मी रसायनशास्त्र शिकवतो असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "या विषयाकडे कसे काय वळलात?" विचारणाऱ्याला एखादा किस्सा हवा असतो. लहानपणी केलेला स्फोट, करपलेल्या भुवया, भारावून टाकणारे कुणी शिक्षक. मी आजवर हसून वेळ मारून नेत आलो. तुम्ही मात्र उत्तरासाठी थांबलात, म्हणून नीट सांगतो.

मी वळलोच नव्हतो. मला भौतिकशास्त्र हवं होतं, गुण कमी पडले, आणि रसायनाच्या वर्गात येऊन बसलो. रंगांची आणि धुरांची हौस सगळ्यांना असते तेवढी मलाही होती. लेड नायट्रेटमध्ये पोटॅशियम आयोडाइड ओतलं, पिवळाधमक साका पडला, तो गरम पाण्यात विरघळला आणि निवताना परीक्षानळीभर सोनेरी चकत्या तरंगायला लागल्या, तेव्हा मीही "वा!" म्हणालो. पुढच्या आठवड्यात विसरूनही गेलो.

मला अडकवलं ते एका थेंबानं. टायट्रेशनचं, म्हणजे थेंबथेंब अल्कली सोडून आम्ल किती आहे ते मोजण्याचं, प्रॅक्टिकल चालू होतं. ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापाच्या नळीत, अल्कली (आम्लाचा प्रभाव घालवणारं द्रावण), आणि पिपेटनं, म्हणजे ठरावीक माप ओढून घ्यायच्या काचेच्या नळीनं, 25 मिलिलिटर आम्ल शंकूपात्रात सोडायचं. तेव्हा पिपेट तोंडानं ओढायची सर्रास पद्धत होती. आज कुणी करू देणार नाही, देऊही नये. पिपेट रिकामी झाली तरी टोकाशी एक थेंब चिकटून राहतो. मी मोठ्या काटेकोरपणे फुंकर मारून तो पाडला.

"फुंकू नकोस," मागून सर म्हणाले.

"पण सर, थेंब राहिलाय."

"राहणारच. तो राहणार हे धरूनच वरची खूण केलीये. तू फुंकलास की पंचवीसच्या वर जातं."

सर पुढच्या टेबलाकडे गेले. मी त्या पिपेटकडे बघत राहिलो. कुणीतरी कधीतरी बसून हा क्षुल्लक थेंब हिशेबात धरला होता, आणि तो हिशेब काचेवरच्या एका रेघेत मुकाट्यानं जाऊन बसला होता. त्या दिवशी मी तीन रीडिंग थेंब फुंकून घेतली आणि तीन न फुंकता. फरक किती? ब्युरेटवरच्या सगळ्यात लहान भागाच्या जेमतेम निम्मा. पण तिन्ही वेळा एकाच बाजूला! घरी जाताना डोक्यात तेवढंच होतं.

पुढे आर्गॉन वायूच्या शोधाची हकिगत वाचली तेव्हा ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं झालं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून टाकल्यावर उरलेला नायट्रोजन अमोनियाच्या मदतीनं मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरत होता. सुरुवातीला फरक हजारात एक एवढाच. दुसरा कुणी "प्रयोगातली चूक" म्हणून सरासरी काढून मोकळा झाला असता. रॅलेंनी उलट तो फरक वाढतो का ते पाहिलं. नायट्रोजन सगळाच्या सगळा अमोनियातून येईल अशी व्यवस्था केल्यावर तो दोनशेत एक झाला. त्याआधी, 1892 मध्येच, त्यांनी 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकात पत्र छापून रसायनशास्त्रज्ञांना सरळ विचारलं की हे काय असावं. आपल्याला कळत नाही असं त्या उंचीच्या माणसानं चारचौघांत छापून सांगावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

त्याहून गंमत पुढेच आहे. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञानं 1785 मध्येच हवेत विजेच्या ठिणग्या पाडून पाडून नायट्रोजन संपवून पाहिला होता. शेवटी एक बुडबुडा उरला, काही केल्या जाईना. तो मूळ नायट्रोजनच्या 1/120 पेक्षा जास्त नाही, अशी नोंद त्यांनी करून ठेवली. तो बुडबुडा शंभरएक वर्षं कागदावर तसाच पडून होता. 1894 मध्ये रॅले आणि रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांनी नव्या वायूची घोषणा केली. रॅलेंचा फरक आणि कॅव्हेंडिशचा बुडबुडा, दोन्हींमागे हाच आर्गॉन होता. आपण श्वास घेतो त्या हवेत आर्गॉन जवळजवळ एक टक्का आहे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त. 1904 चं नोबेल दोघांनाही मिळालं, रॅलेंना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झींना रसायनशास्त्राचं. भौतिकशास्त्र हुकलेल्या माणसाला हे वाचून जरा बरं वाटतं.

विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. 1856 मध्ये, 18 वर्षांचा असताना, सुट्टीत घरीच क्विनीन हे हिवतापाचं औषध बनवायला बसला आणि हाती लागला काळा गाळ. अल्कोहोलनं धुताना त्यातून जांभळा रंग उतरला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. मी असतो तर चंबू घासून पालथा घातला असता.

तर माणसं या विषयात का येतात? पोटापाण्यासाठी येतात, औषधं बनवायची असतात म्हणून येतात, माझ्यासारखी गुण कमी पडले म्हणूनही येतात, आणि यातलं कुठलंच कारण मला कमी प्रतीचं वाटत नाही. कोण कशासाठी आला यावरून तो टिकेल का हे मला कधीच ओळखता आलेलं नाही. पात्राच्या तळाशी काय उरलं हे कोण वाकून बघतो, त्यावरून थोडंफार ओळखता येतं.

परवा एक मुलगी शंकूपात्र घेऊन आली. फिनॉल्फ्थॅलीनचा (आम्ल संपून अल्कली उरली की गुलाबी होणाऱ्या द्रव्याचा) फिकट गुलाबी रंग आल्यावर सगळ्यांनी रीडिंग लिहून पात्रं धुऊन टाकली होती. हिनं तसंच ठेवलं होतं.

"सर, रंग गेला. माझं चुकलं का?"

रीडिंग बरोबर होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि रंग हळूहळू उडतो, हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तिला आणखी एक पात्र आणि एक बूच दिलं. "पुन्हा कर. रंग आला की दोन्हींत सारखं वाटून घे, आणि एकालाच बूच लाव."

बाकीचे गेले तरी ती दोन पात्रांसमोर बसून होती. कुलूप लावायला आलेल्या मदतनीसाला मी दहा मिनिटं थांबायला सांगितलं.