ऑलिव्हर स्ट्रीटचा अल स्मिथ

दरवर्षी २५ मार्चला न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन प्लेसवर अग्निशमन दलाची शिडी एका जुन्या इमारतीला लावून सहाव्या मजल्यापर्यंत नेली जाते आणि तिथेच थांबवली जाते. १९११ साली याच दिवशी ट्रायंगल शर्टवेस्ट कंपनीच्या, म्हणजे बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्याला आग लागली, तेव्हा शिड्या तेवढ्याच उंचीपर्यंत पोहोचल्या. कारखाना मात्र आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यांवर होता. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मृत्युमुखी पडले, त्यांत बहुसंख्य तरुण स्थलांतरित मुली होत्या. त्या जिथे राहत असत, त्या घरांसमोरच्या फुटपाथवर आजही या दिवशी खडूने त्यांची नावे आणि वये लिहिली जातात. ती वाचताना पाऊल पुढे पडत नाही.

यांतल्या अनेक मुली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत राहत; ऑलिव्हर स्ट्रीटवर राहणारा अल स्मिथ हा तिथलाच आमदार. वडील लवकर गेल्याने शाळा सुटली, फुल्टनच्या मासळी बाजारात नोकरी केली आणि टॅमनी हॉल या बदनाम पक्षयंत्रणेच्या आधाराने १९०४ साली तो राज्याच्या विधानसभेत पोहोचला. सुरुवातीला विधेयकांची भाषा त्याला समजत नसे, म्हणून ऑल्बनी या राज्याच्या राजधानीतल्या भाड्याच्या खोलीत रात्री बसून तो ती वाचून काढी. मला त्याच्याविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो या चिकाटीमुळे.

आगीनंतर नेमलेल्या कारखाना चौकशी आयोगाचा रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष आणि स्मिथ उपाध्यक्ष होता. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी झटणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स या कार्यकर्तीने या दोघांना प्रत्यक्ष कारखान्यांत नेले. एका ठिकाणी 'आगीतून सुटकेचा मार्ग' म्हणून भिंतीला एक भोक होते. वॅग्नर त्यातून सरपटत बाहेर आला, तर पुढे बर्फाने माखलेली लोखंडी शिडी जमिनीपासून बारा फुटांवरच संपलेली. दुसरीकडे रात्रभर दहा तास राबून पहाटे बाहेर पडणाऱ्या स्त्रियांची रांग स्मिथने स्वतः पाहिली. कामाच्या वेळेत दारांना कुलूप नको, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा सराव हवा, अशा तीसहून अधिक कायद्यांमागे हे पाहणे होते.

१९१३ साली तो विधानसभेचा सभापती झाला, पुढे न्यूयॉर्क काउंटीचा शेरीफ आणि १९१८ पासून चार वेळा गव्हर्नर म्हणून निवडून आला. १९२८ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तो हरला आणि बहुतेकांना तेवढीच आठवते, हे मला खटकते. गव्हर्नर होताच, १९१९ साली, त्याने राज्याच्या औद्योगिक आयोगावर पर्किन्स यांची नेमणूक केली. आगीच्या त्या दिवशी खिडक्यांतून उड्या घेणाऱ्या मुली त्यांनी रस्त्यावरून पाहिल्या होत्या.