तीन फुटांचा पट

बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील गोल्फचे मैदान १९३० च्या दशकात राजघराण्याने युरोपीय पाहुण्यांसाठी करवून घेतले होते. १९९० च्या दशकात त्याचे नूतनीकरण होऊन ते सर्वांसाठी खुले झाले, म्हणून दांडिया बाजारात वाढलेल्या माझ्यासारख्या निवृत्त माणसाच्या हाती तेथे पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून हळूच ढकलण्याची गोल्फची काठी, आला.

दोन वर्षांपूर्वी एका मासिक स्पर्धेत, शेवटच्या होलवर, तीन फुटांचा पट, म्हणजे चेंडू कपात (जमिनीतल्या खळग्यात) घालण्यासाठी पटरने मारलेला हलका फटका, मी चुकवला. चेंडू कपाच्या उजव्या कडेला घासून पुढे गेला. त्यानंतर कित्येक आठवडे एवढ्या अंतरावर उभे राहिले की मनगटे आखडत. सगळे सांगत, ‘विश्वास ठेवा’. पण कशावर ठेवायचा, हे कोणी सांगत नसे.

त्याचे उत्तर मला हिशेबात सापडले. कपाचा व्यास सव्वाचार इंच आणि चेंडूचा जेमतेम पावणेदोन. तीन फुटांवरून, सपाट ग्रीनवर (कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर), हळू सोडलेला चेंडू मध्यरेषेपासून सुमारे तीन अंश ढळला तरी आत पडतो. मात्र जोर वाढला की तीच वाट अरुंद होते, कारण वेगाने आलेला चेंडू कडेला लागून बाहेर उसळतो. म्हणजे भीतीपोटी मी जो जास्तीचा जोर लावत होतो, तोच माझा घात करत होता. आमच्या काठ्यांची पिशवी वाहणारे वयस्क कॅडीकाका प्रत्येक पटापूर्वी गुजरातीत ‘शांतिथी, साहेब’ (शांतपणे, साहेब) एवढेच म्हणत, त्याचा अर्थ मला तेव्हा उमगला.

मग मी रोज सकाळी सरावाच्या ग्रीनवर तीन फुटांचे शंभर पट मारू लागलो आणि आकडा वहीत टिपू लागलो. पहिल्या दिवशी एकाहत्तर आत गेले, तीन महिन्यांनी नव्वद. माझ्या मते खरा आत्मविश्वास त्या नव्वदांइतकाच उरलेल्या दहांमुळेही येतो. दहा चुकणारच हे स्वतःच्या अक्षरात लिहिलेले असले, की आज चुकलेला पट त्या दहांपैकी एक ठरतो आणि पुढच्या चेंडूपाशी माणूस मोकळ्या मनाने उभा राहतो. सगळे आत जायलाच हवेत असे मानणाऱ्याचा धीर पहिल्या चुकीलाच खचतो.

उत्तर आयर्लंडचा व्यावसायिक गोल्फपटू रोरी मॅकिलरॉय याची कारकीर्द मला या दृष्टीने फार मोलाची वाटते. गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो. २०११ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत चार फटक्यांची आघाडी असताना अखेरच्या दिवशी त्याने तब्बल ८० फटके घेऊन ती गमावली आणि दोनच महिन्यांनी यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. २०२५ च्या मास्टर्समध्ये तर अठराव्या ग्रीनवर जवळचा पट चुकल्याने त्याला जस्टिन रोजविरुद्ध प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवणारा जादा खेळ, खेळावा लागला. काही मिनिटांत तो त्याच ग्रीनवर परतला आणि तसाच जवळचा पट त्याने आत घातला. तो क्षण पाहताना माझे डोळे भरून आले होते.

गेल्या आठवड्यातला माझा आकडा त्र्याण्णव आहे. चुकलेल्या सातांपैकी पाच डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या ग्रीनवरचे आहेत, तेव्हा उद्या सकाळी पन्नास पट त्याच उतारावर मारायचे ठरवले आहे.