डोळे उघडे ठेवून प्रार्थना करणारे आजोबा

मी चर्चच्या मंडळ्यांसाठी रिट्रीट, म्हणजे तीन दिवसांची आध्यात्मिक शिबिरं, भरवायचं काम करते, गेली अकरा वर्षं. म्हणजे नुसतं खोल्या आणि गाड्या बघणं नाही, तर वेळापत्रक, गीतं, गटचर्चा, साखळी प्रार्थना, मुलांचं वेगळं सेशन आणि दुसऱ्या रात्रीची फन नाईट, सगळं माझ्याकडे. आणि दरवेळी कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच, की ताई तीनच तर दिवस मिळतात, त्यातली एक अख्खी संध्याकाळ खेळात कशाला घालवायची, त्यापेक्षा अजून एक वचनाचा पाठ ठेवा ना. मी वाद घालत बसत नाही, पण फन नाईट काढतही नाही. आणि ह्या वेळी जे झालं त्यानंतर तर कधीच काढणार नाही, म्हणून आठवतंय तोवर लिहून काढतेय.

४६ जण आले होते. सगळ्यात लहान सहा वर्षांचा, सगळ्यात मोठे एक ८१ वर्षांचे आजोबा, सोबत आजी. आजोबा आले तेव्हाच कानात मशीन दिसलं होतं मला, पण मशीन आहे म्हणजे ऐकू येतंय असं मी धरून चालले. ही माझी पहिली चूक.

पहिल्या रात्री साखळी प्रार्थना होती. सगळे गोल बसलेले, डोळे मिटलेले, एकाची झाली की पुढचा सुरू करतो. मला मधेमधे डोळे उघडावे लागतात, वेळ बघायला, कोणी लहान मूल उठून चाललंय का बघायला. तर आजोबांचे डोळे सताड उघडे. एकदा नाही, पूर्ण वेळ. एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मला खरं सांगते, जरा खटकलं. मनात आलं की लक्ष नाही ह्यांचं. मग त्यांची पाळी आली तेव्हा सगळे गप्प, कितीतरी वेळ नुसती शांतता, शेवटी आजींनी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला आणि मग त्यांनी घाईघाईने दोन वाक्यं म्हटली आणि आमेन. मी वहीत लिहिलं, "आजोबा: शांत स्वभाव, पुढे बोलायला लावू नये."

दुसऱ्या दिवशी गटचर्चेतही तेच. विषय एकमेकांची ओझी वाहण्याचा होता. सहा जणांचा गट, सगळे एकदम बोलतायत, वर पंखा, शेजारच्या गटाचा आवाज, आणि आजोबा मान हलवत बसलेले. कोणी हसलं की तेही हसायचे, पण अर्धा सेकंद उशिरा. गीतं म्हणताना ओठ हलत होते तेही एक ओळ मागे. हे सगळं मला आज लख्ख आठवतंय, म्हणजे मी बघितलं होतं, फक्त त्याचा अर्थ लावला नव्हता.

आणि मग रात्रीची फन नाईट. जेवणं झाल्यावर खुर्च्या भिंतीला लावल्या, ट्यूबलाइट सगळ्या लावल्या, चार टीम केल्या. आधी नुसता धुमाकूळ. तरुण संघाच्या पोरांनी योनाचं नाटुकलं केलं, मासा म्हणजे एक चादर आणि तिच्याखाली चार जण, आणि योना झालेला मुलगा एवढा उंच की माशाच्या पोटात काही केल्या मावेना, पाय बाहेरच, शेवटी मासा आणि योना दोघंही लोळत पडले. महिला मंडळाच्या ज्या दोन काकू दिवसभर एकमेकींशी मोजकंच बोलत होत्या त्या एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. असं काही बघितलं की मला जर्मनीतल्या हेर्नहूट गावाची आठवण होते, तिथे आसऱ्याला आलेले आणि आपसात भांडलेले मोरावियन पंथाचे लोक १३ ऑगस्ट १७२७ ला शेजारच्या बेर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीला एकत्र आले, आणि संपल्यावर घरी जायलाच तयार होईनात, तर त्यांना आसरा देणाऱ्या काउंट झिन्झेंडॉर्फने त्यांच्यासाठी आपल्या घरून जेवण पाठवलं म्हणतात. तिथून त्यांची प्रीतिभोजनाची, म्हणजे एकत्र साधं जेवायची रीत पडली, ती पुढे जॉन वेस्लीने आपल्या मेथडिस्ट पंथात आणली. सहभागिता उपासना संपल्यावरही चालूच राहते, किंवा कधीकधी तेव्हाच सुरू होते असं मला मनापासून वाटतं.

तर नाटुकलं झालं आणि मग मूक अभिनय. नियम साधे, प्रसंग पवित्र शास्त्रातलाच हवा, स्वतः निवडायचा, माझ्या वहीत लिहून द्यायचा, तोंडातून आवाज नाही, ओठही हलवायचे नाहीत, दोन मिनिटं. पहिले दोनतीन सोपे गेले, येशूला बघायला झाडावर चढणारा जक्कय झालेला खुर्चीवर चढला तसा अख्खा हॉल ओरडला. मग पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, उठले. ते भिंतीला अंग घासत, मान मागे वळवून रडवेलं तोंड करून चार पायांवर चालायला लागले आणि सगळे नुसते हसतायत, ओळखायचं कोणाच्या डोक्यातच नाही, आणि तेवढ्यात मागून एक खणखणीत आवाज आला, "बलामाची गाढवी!" वाटेत देवदूत दिसल्यावर भिंतीला अंग घासणारी, मार खाऊन शेवटी बोलणारी ती.

आजोबा. उभे राहिलेले. दोन दिवसांत त्यांचा आवाज असा कोणी ऐकलाच नव्हता.

त्यानंतर त्यांनी अजून दोन ओळखले, तेही सगळ्यांच्या आधी. बरं, ओळखायची पद्धतही वेगळी, आम्ही सगळे अभिनय करणाऱ्याच्या हाताकडे बघत होतो, हे चेहऱ्याकडे बघत होते. पुढे सरकून बसलेले, कोपरं गुडघ्यावर, आणि डोळे तसेच सताड, आदल्या रात्रीसारखे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला.

खुर्च्यांच्या ओळीने पाळी फिरत होती, ती त्यांच्यावर आली. आणि मी काय केलं, तर म्हटलं, "आजोबांना राहू द्या, पुढच्यांनी या." वहीतलं ते शांत स्वभाव वगैरे डोक्यात पक्कं बसलेलं. आजीही म्हणाल्या, "हो बाई, त्यांना नको." पण त्यांनी आमच्या दोघींची तोंडं बघितली, काय चाललंय ते ओळखलं आणि उठले. माझ्या हातातली वही घेतली, पेन घेतलं आणि लिहिलं, "लूक १:६२". मला चटकन आठवलं नाही कुठलं वचन ते. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय म्हणजे गब्रीएल देवदूत मरीयेला भेटतो तेच असणार असं समजून मी मान हलवली.

ते मध्यभागी गेले. चपला काढल्या. आधी दोन्ही हातांनी काहीतरी अलगद धरल्यासारखं केलं, आणि त्यातून वर जाणारा धूर बोटांनी दाखवला, इतका हळू की आम्ही पण मान वर करून बघायला लागलो. मग उजवीकडे कोणीतरी दिसलं आणि पाऊल मागे. मग हात हलवून वाद, मी बघा किती म्हातारा, पाठीवर हात, पांढऱ्या केसांवर हात. आणि मग एकदम दोन बोटं ओठांवर, आणि चेहरा असा काही झाला की हॉलमधलं हसणं थांबलं. बाहेर आले, म्हणजे दाराकडून वळून आमच्याकडे आले, आणि हातांनी सांगायला लागले, आणि कोणाला कळत नाहीये म्हणून परत, अजून मोठे हात करून. मग कोणीतरी त्यांच्याशी खुणा करतंय असं दाखवलं आणि ते वाकून त्या खुणा बघतायत. शेवटी डावा तळहात पाटीसारखा धरला आणि उजव्या बोटाने त्यावर लिहायला लागले.

"जखऱ्या!" एक नऊ वर्षांची मुलगी किंचाळली. "जखऱ्या, योहानाचे बाबा!"

टाळ्या, शिट्ट्या, सगळा हॉल उभा. आणि आजोबा लिहितच होते. पाठ होती तिच्याकडे, आणि नजर तळहातावर. एक अक्षर, दुसरं अक्षर. आम्ही एवढे ओरडत होतो आणि त्यातलं त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. सगळ्यांच्या ते एकदमच लक्षात आलं आणि टाळ्या हळूहळू थांबल्या. ती मुलगी मग स्वतःच उठली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, त्यांचं लिहिणारं बोट धरलं आणि मान जोरजोरात हलवली. तेव्हा त्यांनी वर बघितलं. आणि आम्ही सगळ्यांनी, कोणी सांगितलं नव्हतं, हात वर करून नुसते हलवले. कर्णबधिर लोकांच्या टाळ्या तशाच असतात हे मला माहीत होतं, बाकीच्यांना होतं की नाही कोण जाणे, पण ४५ जणांचे हात वर होते आणि आवाज नव्हता.

पाळकसाहेबांनी मग लूक उघडून ते वचन वाचलं. जखऱ्या म्हणजे म्हातारा याजक, मंदिरात धूप जाळताना देवदूत त्याला मुलगा होईल म्हणतो, त्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचा जाते. बाळाचं नाव काय ठेवायचं म्हणून लोक जखऱ्याला खुणा करून विचारतात. खुणा करून! तो मुका झाला होता एवढंच आपण धरून चालतो, पण नुसता मुका असता तर लोकांनी तोंडाने विचारलं असतं ना, खुणा कशाला केल्या असत्या. पाळकसाहेब म्हणाले की मूळ ग्रीकमध्ये त्याच्यासाठी जो शब्द आहे, कोफॉस, तो मुका आणि बहिरा दोन्हीला चालतो, आणि मार्क ७ मध्ये येशू ज्या बहिऱ्या माणसाला बरं करतो त्याच्यासाठीही तोच शब्द आहे. मी हा अध्याय दर नाताळाला वाचते. ते एक वचन माझ्या डोळ्याखालून इतक्या वेळा गेलं असेल आणि मला ते कधी दिसलं नाही.

रात्री सगळे झोपायला गेल्यावर मी आजोबांजवळ गेले. समोर बसले, उजेडात, हळू बोलले, ओरडले नाही. ओरडून काही उपयोग नसतो हे त्यांनीच समजावलं. वय वाढताना आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, आणि स, श, फ, थ असली व्यंजनं त्यातच असतात, त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं पण काय ते कळत नाही. आणि मशीन म्हणजे चष्मा नाही. जवळचा माणूस, शांत खोली असेल तर चांगलं चालतं, पण घुमणाऱ्या हॉलमध्ये पंखा, खुर्च्या, स्पीकर सगळंच मोठं करून कानात ओततं. म्हणून ते तोंडं वाचतात. प्रार्थनेत डोळे मिटले की त्यांच्यासाठी सगळं बंद.

मला काय बोलावं ते सुचेना. मी माफी मागितली, पण त्यांनी हाताने ती बाजूला सारली आणि म्हणाले, "उद्या त्या बोलणाऱ्यांना खिडकीसमोरून हलवता येईल का? उजेड त्यांच्या पाठीमागून येतो, तोंड काळं दिसतं. दोन दिवस एक शब्द कळला नाही." बस एवढंच. तक्रारीचा सूरही नव्हता. दोन दिवस, पाच सेशन, आणि हा माणूस प्रत्येक सेशनला वेळेच्या आधी येऊन बसत होता.

मी योनाच्या माशाला उठवलं, म्हणजे त्या चौघा पोरांना. साडेअकरा वाजता आम्ही पूर्ण हॉल फिरवला. पुलपिट, म्हणजे बोलणाऱ्याचा स्टँड, खिडकीच्या समोरच्या भिंतीला, खुर्च्या ओळीत नाही तर अर्धगोलात, म्हणजे कोणीही बोललं तरी तोंड दिसेल. स्पीकर ढकलला एका कोपऱ्यात. एकाने पाळकसाहेबांकडून सकाळच्या संदेशाचे मुद्दे मागून आणले आणि हाताने मोठ्या अक्षरात उतरवून काढले, गीतांचे आकडे पण त्यावरच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीच्या पुढच्यांमध्ये चारातल्या एकापेक्षा जास्त जणांना त्रास व्हावा इतकं ऐकू कमी येतं. माझ्या अकरा वर्षांच्या रिट्रीटमध्ये साठीच्या पुढचे किती जण आले असतील, आणि त्यातल्या किती जणांना मी वहीत "शांत स्वभाव" लिहिलं असेल, ह्याचा विचार करत मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. मार्क ७ परत वाचला. तिथे येशू त्या माणसाला आधी गर्दीतून बाजूला घेतो, आणि मग जे करतो ते सगळं त्याला दिसेल, जाणवेल असं करतो, कानात बोटं, जिभेला स्पर्श, वर आकाशाकडे बघणं. शब्द सगळ्यात शेवटी येतो.

सकाळी शेवटचं सत्र. अजून दोघं जण, एक काका आणि एक आजी, ज्यांच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, आपणहून पुढच्या खुर्चीवर येऊन बसले आणि त्या हाताने लिहिलेल्या कागदाची प्रत मागितली. नऊ वर्षांची ती मुलगी आजोबांच्या शेजारी, गीताच्या पुस्तकात ओळीखालून बोट फिरवत होती, त्यामुळे ह्या वेळी त्यांचे ओठ बाकीच्यांच्या बरोबर हलत होते.

मग साखळी प्रार्थना. मी सांगितलं की आज डोळे कोणीच मिटायचे नाहीत, आणि आपली झाली की शेजाऱ्याचा हात दाबायचा. सुरुवातीला सगळ्यांना फार अवघडल्यासारखं झालं, प्रार्थना करताना कोणाच्या तोंडाकडे बघायची सवयच नसते ना. त्या दोन काकूंपैकी एक प्रार्थना करत होती तेव्हा दुसरी तिच्याकडे बघत होती. फिरत फिरत आजोबांचा हात दाबला गेला, आणि ते लगेच बोलायला लागले, आवाज जरा मोठाच. आदल्या संध्याकाळी कोण काय झालं होतं ते सगळं त्यांनी प्रभूला सांगितलं, गाढवी, जक्कय, मासा, एकेकाकडे बघत, नावानिशी. आम्ही ४६ जण होतो, त्यांनी एकाचंही नाव सोडलं नाही.