साडेपाच सूत आणि सतराचा नट

गिऱ्हाइकाने खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली, ती सोडून गाडीचा ड्रेन प्लग काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "मालक, ह्याचं झालं तसं दुसऱ्याचं होणार नाही, असे पाने द्या."

इंजिनचं जुनं ऑइल सोडायला इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरच्या तळाशी जो बोल्ट असतो, तो हा. त्याच्या सहाही कडा मेलेल्या होत्या. डोकं जवळजवळ गोल झालेलं आणि वर पाईप पान्याच्या दातांचे ओरखडे. सोलापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या दुकानात असे बोल्ट मी बरेच पाहिलेत, पण ते घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा चिडलेला असतो. हे मामा शांत होते. दत्तनगरचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर हातात पाना. सोबत कॉलेजला जाणारी लेक. तिच्याशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत बोलणं चाललेलं. घरात पहिल्यांदाच चारचाकी आली होती, जुनी वॅगनआर. तिचं ऑइल घरीच बदलायचं ठरवलं आणि पहिल्याच बोल्टला हे झालं.

"कुठला पाना लावला होता?" मी विचारलं. मामांनी तोही आणला होता. कारखान्यातला, वापरून गुळगुळीत झालेला, पण उत्तम लोखंडाचा. त्यावरचा आकडा बघितला आणि माझ्या लक्षात आलं. साडेपाच सुती.

आपल्याकडच्या जुन्या साध्या मागांना अजून इंची नट-बोल्ट असतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. साडेपाच सूत म्हणजे १७.४६. मी व्हर्नियर काढला आणि प्लगच्या सपाट बाजूंमधलं माप घेतलं. जेमतेम सतरा. अर्ध्या मिलिमीटरलाही कमी असलेली ती फट मामांना दाखवली. पाना बसतो, हाताला घट्टही वाटतो, पण जोर दिला की तो सपाट बाजूवर न टेकता कोपऱ्यावर टेकतो आणि कोपरा सोलतो. गंमत अशी की ह्याच मामांच्या पेटीतला सहा सुती पाना, म्हणजे १९.०५ चा, मारुतीच्या १९ च्या व्हील नटला छान बसतो. आधी तो लावून चाक काढलं होतं, म्हणून बाकीचेही बसतील असं त्यांना वाटलं. साडेचार सुती चौदाला लावला असता, तर तोही सैलच निघाला असता.

मामांनी प्लग पुन्हा हातात घेतला, नखाने कडा चाचपली आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे पाना वाईट नव्हता. त्याचं काम वेगळं होतं."

त्यांना काय दाखवावं ह्याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. पुण्यात नोकरी करणारा, सुट्टीला घरी आलेला तरुण. त्याला शंभरावर नगांची हत्यारांची मोठी पेटी हवी होती. पेटी उघडून ठेवली. दिसायला देखणी असतेच ती, प्रत्येक नगाला स्वतःचा खाचा. पण नग मोजायला बसलात तर अर्ध्याच्या आसपास स्क्रूड्रायव्हरची छोटी बिट्स असतात आणि पाव इंची चौकाच्या बारीक गोट्या. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखं चढणारं सॉकेट, आणि चौक म्हणजे हँडल बसायचं तिचं मागचं चौकोनी भोक. गाडीवर रोज लागणारे नग त्यात मूठभर.

मामांनी विचारलं, "ह्यातली सतराची गोटी बघू का?" तरुणाने दिली. ती आतून बारा कोनी होती. मी तो मेलेला प्लग शिकंज्यात आवळला. मामांनी गोटी चढवली, हँडल लावलं आणि दाबलं. गोटी फिरली, प्लग तसाच. मग मी रॅकवरून सहा कोनी सतराची काढून दिली. तीच जागा, तेच हँडल, तोच हात. ह्या वेळी पकड बसली आणि आख्खा शिकंजा टेबलासकट हलला.

कारण साधं आहे. बारा कोनी गोटी नटाला कोपऱ्याजवळ धरते. सहा कोनी गोटीच्या चांगल्या घडणीत आतले कोपरे किंचित मोकळे ठेवलेले असतात, त्यामुळे जोर कोपऱ्यापासून आत, सपाट बाजूवर पडतो. नवा नट दोन्हींनी सुटतो. गंजलेला, कडा झिजलेला नट असला की फरक कळतो, आणि घरच्या जुन्या गाडीला तसेच नट जास्त. म्हणून पेटी घेताना नग मोजण्याआधी दहा आणि सतराची गोटी उलटी करून आत सहा कोन आहेत का ते बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

मामांनी त्याच्याही पुढचं बघितलं. गोटी उजेडाकडे धरून तोंडाशी बोट फिरवलं आणि म्हणाले, "तोंडाला उतार फार दिलाय. प्लगचं डोकं पातळ आहे, अर्धं डोकं तर ह्या उतारातच जाणार." बरोबर होतं. उतारामुळे गोटी नटावर पटकन बसते, पण पातळ डोक्याच्या बोल्टला पकडायला सरळ भिंत उरते कमी. त्यांनी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोट्या शेजारी शेजारी ठेवून सर्वांत कमी उताराची निवडली. वीस-वीस वर्षं गॅरेज चालवणारी माणसं माझ्याकडे येतात, पण एवढं निरखून घेणारं गिऱ्हाईक क्वचित.

तोवर लेकीने मोबाइल पुढे केला. तिने आदल्या संध्याकाळी गाडीभोवती फिरून, बॉनेट उघडून, कुठे कोणता नट आहे ह्याची यादी केली होती. बॅटरीचे टर्मिनल दहा, एअर फिल्टरच्या बाजूला दहा, खाली बारा आणि चौदा, प्लग सतरा, चाकं एकोणीस. "काका, एवढंच लागेल ना?" एवढंच लागतं. जपानी घडणीच्या गाड्यांमध्ये १०, १२, १४, १७, १९ ह्या मापांवर बहुतेक काम निघतं. युरोपियन घडणीची गाडी असेल तर १३, १६, १८ लागतात, आणि ह्युंदाईच्या चाकांना २१. आपल्या गाडीला जे माप नाही, ते पेटीत चकाकत पडून राहतं.

मग आम्ही सुटं सुटं जमवलं. अर्धा इंच चौकाच्या सहा कोनी गोट्या, दहा ते एकोणीस, वर लिहिलेल्या मापांच्या. स्पार्क प्लगची सोळाची खोल गोटी, आत रबर असलेली, म्हणजे प्लग वर खेचताना सुटून पडत नाही. हँडल आणि गोटीच्या मध्ये लावायचे दांडे, म्हणजे एक्स्टेन्शन, एक लांब आणि एक आखूड. आठ ते एकोणीस कॉम्बिनेशन पाने, एका तोंडाला रिंग, दुसऱ्याला उघडा जबडा. नट सोडवताना आणि शेवटी आवळताना रिंगच लावायची. उघडा जबडा दोनच बाजू धरतो, तो सैल झालेला नट भरभर फिरवायला. पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर नाशिकच्या टपारियाचे. पाने जालंधरचेही चांगले मिळतात, पण उचलून बघावेत. क्रोम व्हॅनेडियमचा घडीव पाना हातात भरीव लागतो आणि आकडा खोल, स्वच्छ उमटलेला असतो. मुलामा सोलत असेल तर तो पाना मी गिऱ्हाइकासमोरच बाजूला ठेवतो.

रॅचेटवर, म्हणजे गोटी न काढता मागेपुढे हलवून नट एकाच दिशेने फिरवणाऱ्या हँडलवर, वेळ गेला. चोवीस दात्यांचं रॅचेट पुढच्या दात्यावर जायला पंधरा अंश जागा मागतं, बहात्तर दात्यांचं फक्त पाच. इंजिनच्या मागे, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ, म्हणजे फायरवॉलजवळ हात जेमतेम जातो, तिथे हा फरक पैसे वसूल करतो. पण अडकलेला नट रॅचेटने सोडवायचा नाही, आतले दाते जातात. त्यासाठी टी हँडल वेगळं घेतलं.

टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेल्या आकड्याएवढाच जोर लावून आवळायचा पाना. त्याची किंमत ऐकून मामा थांबले. मी आग्रह सोडला नाही. ड्रेन प्लगला साधारण ३५ न्यूटन-मीटर, चाकांना ८५ ते १००, गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो. मागावर घट्ट म्हणजे अंगाचा जोर लावून घट्ट. ॲल्युमिनियमच्या चेंबरला तसा जोर लावला तर आटे जातात आणि खर्च प्लगचा न राहता चेंबरचा होतो. शेवटी लेकीनेच तोड काढली. गल्लीत अजून दोघांकडे गाड्या आहेत, तिघांत मिळून एक घेऊ. असा रेंच सोडवायला कधी वापरू नका आणि ठेवताना सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा, एवढं बजावून दिलं.

एका गोष्टीवर मात्र माझा आवाज चढला. गाडी कशावर उचलली होती, विचारलं. जॅक, आणि आधाराला विटा. मी बिल करायचं थांबवलं. गाडीसोबतचा जॅक चाक बदलण्यापुरता. वीट वरच्या वजनाने अचानक फुटते, आधी सांगत नाही. दोन जॅक स्टँड घ्यायचे, गाडी सपाट फरशीवर लावायची, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, आणि त्याशिवाय तिच्याखाली डोकं घालायचं नाही. स्टँड घेणार नसाल तर बाकीचा माल काउंटरवरच राहू द्या, असं मी म्हणालो आणि ते मनापासून म्हणालो. मामांनी लेकीकडे बघितलं आणि स्टँड बिलात लिहायला सांगितले. तरीही एकूण आकडा त्या मोठ्या पेटीच्या फार वर गेला नाही.

त्या तरुणाने शेवटी पेटीच घेतली. तिच्यातलं रॅचेट खरंच चांगलं होतं. सोबत दहा, बारा आणि सतराच्या सहा कोनी गोट्या सुट्या घेऊन गेला.

प्लग आमच्याकडे मिळत नाही. मामांना स्पेअर पार्टच्या दुकानात पाठवलं आणि नव्या प्लगसोबत नवी वॉशरही घ्या म्हणालो. ती मऊ धातूची असते, एकदा दबली की पुन्हा नीट बसत नाही आणि ऑइल झिरपतं.

रात्री नऊला लेकीचा फोन आला. प्लग बसला, नवं ऑइल भरलं, इंजिन चालू करून खाली पुठ्ठा ठेवला, एक थेंब नाही. मग तिने विचारलं, "काका, जुनं ऑइल टबात आहे. कुठं टाकू?" गटारात नाही, मातीतही नाही, म्हणालो. झाकणाच्या डब्यात भरून ठेव, पाणी मिसळू देऊ नको. मोठ्या गॅरेजवाल्यांकडे पुनर्वापरासाठी ऑइल उचलायला माणूस येतो, त्यांच्याकडे नेऊन दे. होटगी रोडच्या एका गॅरेजचा नंबर तिला लगेच पाठवला.