तिसरा गिअर सुटतो? ट्रॅक्टर खोलण्याआधी हे तपासा : माझा अनुभव

ट्रॅक्टर जुना, 35 एचपीचा. आठ गिअर पुढचे, दोन मागचे, क्लच सिंगल, गिअरबॉक्स स्लायडिंग मेश, म्हणजे गिअर शाफ्टवर सरकून एकमेकांत अडकतात असा. कांद्याची भरलेली ट्रॉली घेऊन राहुड घाट उतरताना तिसरा गिअर आपोआप न्यूट्रलला यायला लागला. हे दुखणं अंगावर काढण्यासारखं नाही. स्लायडिंग मेशमध्ये चालत्या ट्रॅक्टरला उतारावर पुन्हा गिअर बसत नाही, नुसते दात खरखरतात. इंजिनाचा अडसर गेला की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत सुटते आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. तक्रार कळल्या दिवसापासून तिसऱ्यात भरलेली ट्रॉली उतारावर न्यायची नाही, एवढं आधी ठरवलं.

गॅरेजवर उत्तर मिळालं, "भाऊ, फोडल्याशिवाय कळणार नाही. गिअर सेटच टाका." पण ट्रॅक्टर मधून फोडायचा, म्हणजे मधून दोन भाग वेगळे करायचे, तर तो आठवडाभर उभा, आणि द्राक्षबागेची गोडी छाटणी (फळासाठीची) तोंडावर आलेली. छाटणीनंतर डाऊनी (केवडा) रोगाची फवारणी लांबली तर बाग हातची जाऊ शकते. म्हणून न फोडता जे जे तपासता येतं, ते आधी सगळं तपासलं.

सुरुवात क्लचपासून, कारण गिअरबॉक्सच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच तक्रारी क्लचच्याच असतात. पेडलचा मोकळा खेळ मॅन्युअलप्रमाणे लावून घेतला. मग इंजिन स्लोवर, पेडल पूर्ण दाबून पाच सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. तेवढा वेळ थांबूनही खरखर झाली, तर क्लच पूर्ण सुटत नाही. उलटी तपासणी म्हणजे मोकळ्या जागेत दोन्ही ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये पेडल हळू सोडायचं. इंजिन बंद पडायला हवं. ते चालूच राहिलं, तर प्लेट घसरते आहे. आमच्याकडे दोन्ही तपासण्या ठीक निघाल्या, क्लच संशयातून सुटला.

नंतर कान. न्यूट्रलमध्ये, पेडलवर पाय नसताना घरघर येते आणि पेडल दाबल्यावर थांबते, तर बेअरिंग इनपुट शाफ्टचं (क्लचकडून येणारा) किंवा ले शाफ्टचं (त्याच्यावरून फिरणारा जोड-शाफ्ट). पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग किंवा फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग. एकाच गिअरमध्ये ठोके पडत असतील, तर त्या गिअरचा दात. ओढताना वेगळा आणि उतारावर वेगळा आवाज आला, तर नजर क्राउन-पिनियनकडे, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर वळवणाऱ्या गिअरच्या जोडीकडे. फक्त वळणावर आला, तर डिफरन्शियलकडे, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळा वेग देणाऱ्या भागाकडे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली की बेअरिंगची कुरकुर नेमकी कुठून येते ते समजतं. सरळ दातांच्या गिअरला थोडा गुणगुणाट असतोच, त्याला घाबरायचं नाही.

सर्वात जास्त उलगडा केला तो हाय-लोच्या (तेच चार गिअर जलद आणि संथ अशा दोन पट्ट्यांत चालवायची सोय) तपासणीने, आणि तिला साधं अवजारही लागत नाही. तिसरा गिअर लोमध्ये चालवून पाहायचा, मग हायमध्ये. दोन्हीकडे सुटला, तर दोष तिसऱ्याचाच. हायमधले सगळेच गिअर सुटत असतील, तर दोष हाय-लोच्या सिलेक्टरकडे (पट्टी निवडणारा भाग). आमचा दोन्हीकडे सुटत होता, दुसरा-चौथा घट्ट. म्हणजे शोध तिसऱ्याच्या फोर्क (गिअर सरकवणारा काटा), रेल (फोर्क बसतो ती दांडी) आणि दातांपुरता उरला.

मग ऑइल. वीस मिनिटं ट्रॅक्टर चालवून, गरम असतानाच काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण म्हणजे दात टवके सोडतोय. पितळ चुंबकाला चिकटत नाही, पण काढलेल्या ऑइलमध्ये पिवळे, पितळी तुकडे दिसले तर बुश किंवा थ्रस्ट वॉशर. चुंबकावर फक्त मऊ थर होता, पण ऑइल दुधाळ दिसलं. गरम पत्र्यावर एक थेंब टाकला तर तडतडला, म्हणजे पाणी मिसळलेलं. वाट शोधली तर गिअर लिव्हरखालचं रबरी बूट (लिव्हरभोवतीचं आवरण) चिरलेलं निघालं. द्राक्षपट्ट्यात ब्लोअर मारून झाला की ट्रॅक्टर प्रेशरने धुतात, आणि पाणी नेमकं तिथून आत उतरतं. फवारणीचा ट्रॅक्टर असेल तर हे बूट दर हंगामाला वाकून पाहावं.

आता वरचं झाकण. आधी लिव्हरभोवतीची धूळ-माती ब्रशने साफ केली, मग बोल्ट काढले आणि उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं. एखादा वॉशर आत पडला तर सगळंच खोलावं लागतं. रेल सरकवताना तिच्या खाचेवर बसणारी गोळी स्प्रिंगसकट उडते, म्हणून भोकावर अंगठा ठेवायचा. तिसऱ्याची स्प्रिंग नवीन स्प्रिंगशेजारी उभी केली, तर डोळ्यांना दिसेल इतकी बुटकी. रेलवरची खाचही झिजून कड गोल झालेली. आणि फोर्कच्या पायाला नखाने जाणवणारी पायरी पडलेली. गिअरच्या खोबणीत फोर्कचा खेळ फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजला, तो 1.8 मिमी भरला. नवा फोर्क त्याच खोबणीत 0.3 मिमीवर बसला.

दोष इथेच होता. फोर्क झिजला की लिव्हर जागेवर गेलेला दिसतो, पण आतला गिअर जोडीदारावर पूर्ण सरकत नाही. दात अर्ध्या रुंदीवरच भार घेतात, टोकाकडे निमुळते होतात आणि जोर आला की तोच उतार गिअरला मागे ढकलतो. कमजोर स्प्रिंगला तो धरवत नाही. म्हणून नुसती स्प्रिंग बदलली तर महिना-पंधरा दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. फोर्क झिजण्याचं मोठं कारण म्हणजे चालवताना लिव्हरवर हात टेकवून ठेवणं. तो भार थेट फोर्कवर जातो.

बॅटरीच्या उजेडात दात पाहिले. टोकं किंचित गोल, पण निमुळतेपणा आलेला नव्हता. पहारीने मेन शाफ्ट पुढे-मागे ढकलून पाहिला, खेळ जाणवला नाही. तो जाणवला असता किंवा दात निमुळते दिसले असते, तर मात्र फोडण्यावाचून इलाज नव्हता.

फोर्क, रेल, सगळ्या रेलच्या गोळ्या-स्प्रिंगा, बूट आणि गास्केट नवीन घातलं. फोर्कचा बोल्ट तारेने लॉक केला. दोन रेलमधली इंटरलॉक पिन विसरू नका. ती राहिली तर दोन गिअर एकदम पडतात आणि बॉक्स जाम होतो. झाकण बसवताना सगळ्या रेल न्यूट्रलला आणि लिव्हरचं टोक खाचेत असल्याची खात्री करायची. पाणी निघून जावं म्हणून थोडं ऑइल घालून, फिरवून काढून टाकलं, मग मॅन्युअलमधल्या ग्रेडचं नवीन डिपस्टिकच्या खुणेपर्यंत भरलं. हायड्रॉलिकचं ऑइल त्याच टाकीतून जात असेल, तर स्वस्तातलं जाड ऑइल अजिबात भरू नका, लिफ्टलाही त्रास होतो.

चाचणी आधी शेतात रोटाव्हेटर लावून, मग रिकाम्या ट्रॉलीने सौम्य उतारावर, आणि शेवटी अर्ध्या भरलेल्या ट्रॉलीने, लिव्हरला हात न लावता. तिसरा जागचा हलला नाही. पन्नास तासांनी प्लग पुन्हा काढला. चुंबकावर तोच मऊ राखाडी थर, आणि ऑइल स्वच्छ होतं.