तुम्ही विचारलंत म्हणून : रोजच्या वापराला कोणती न्यूट्रल आयशॅडो पॅलेट?

"ऑफिसला लावून जाता येईल अशी एकच पॅलेट घ्यायची आहे, कोणती घेऊ?" हा प्रश्न मला वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या हळदीकुंकवात जितका विचारला जातो, तितकाच विद्यापीठात शिकणाऱ्या भाच्यांकडूनही, आणि विचारणारीच्या फोनवर बहुधा पॅलेटमधल्या, म्हणजे पापणीला लावायच्या रंगांच्या डबीतल्या, तपकिरी चौकोनांचे एखादे चित्र आधीच उघडलेले असते. मी त्या चौकोनांत एकच गोष्ट शोधते : आपल्या पापणीहून थोडी गडद आणि डाग न पडता पसरणारी मॅट, म्हणजे चमक नसलेली, शेड. रोजचा मेकअप तिच्यावर होतो. उरलेल्या शेड्स लग्नकार्यात लागतात.

अर्बन डीके या मेकअप कंपनीची 'नेकेड' पॅलेट २०१० साली आली आणि तिच्यामुळे तपकिरी पॅलेट्सची लाटच उसळली. तिच्यातल्या १२ शेड्सपैकी खऱ्या अर्थाने मॅट म्हणाव्यात अशा जेमतेम दोन होत्या, बाकीच्या बहुतेक चमकदार. कंपनीने २०१८ मध्ये ती बंद केली, पण त्याच धर्तीच्या पॅलेट्स अजूनही सगळीकडे दिसतात आणि सकाळी दहाच्या मीटिंगला त्या मला फार लखलखीत वाटतात. अनास्तासिया बेव्हरली हिल्सच्या 'सॉफ्ट ग्लॅम'मध्ये १४ शेड्स असून त्यांतल्या बहुतांश मॅट आहेत. तिच्यातले विटकरी आणि तांबूस तपकिरी रंग गव्हाळ कांतीवर फार छान मिसळतात. तिची पावडर मात्र इतकी मऊ आहे की ब्रश झटकून न घेतल्यास गालावर भुकटी सांडते. हुडा ब्यूटीच्या 'न्यूड ऑब्सेशन्स'मध्ये लाइट, मीडियम आणि रिच असे तीन प्रकार, प्रत्येकी ९ शेड्सचे. कांती पाहून पॅलेट निवडण्याची ही सोय मला शेड्सच्या संख्येपेक्षा मोलाची वाटते, आणि आपल्यापैकी बहुतेकींनी लाइटकडे वळूच नये.

याचे कारण रंगाच्या घडणीत आहे. तपकिरी छटा मुख्यतः तांबड्या, पिवळ्या आणि काळ्या आयर्न ऑक्साइडच्या मिश्रणातून तयार होतात आणि त्या फिक्या करण्यासाठी बहुधा पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड घातले जाते. गोऱ्या पापणीवर हे पांढरेपण लपते. सावळ्या किंवा गव्हाळ पापणीवर तीच बेज शेड राख फासल्यासारखी दिसते. गुलाबी झाक असलेल्या पॅलेट्सचाही असाच घोळ होतो, कारण डोळ्यांभोवती आधीच काळसर वर्तुळे असतील तर त्या रंगाने रडून आल्यासारखा चेहरा दिसतो. पिवळसर किंवा तांबूस तपकिरी रंग अशा वेळी अधिक सांभाळून घेतात.

अलकापुरीतल्या दुकानात काउंटरवरच्या मुली नेहमी शिमरच, म्हणजे चमकदार शेडच, बोटावर लावून दाखवतात, कारण बोटाच्या उबेने कोणताही शिमर सुरेख बसतो. तुम्ही मॅट शेड मागून घ्या, मनगटाच्या आतल्या बाजूला ब्रशने पसरवा आणि दुकानाच्या पिवळ्या दिव्यांतून बाहेर रस्त्यावर येऊन पाहा. कडेची रेषा विरून गेली तर पावडर चांगली. ठिपक्याठिपक्यांनी बसली तर पॅलेट कितीही नामांकित असली तरी परत ठेवा.

आपल्याकडे काजळ बहुतेकींचे रोजचे असते, म्हणून पॅलेटमध्ये एक गडद कॉफी रंगाची मॅट शेड असलेली बरी. खालच्या पापणीवर काजळ लावल्यावर बारीक ब्रशने ती शेड त्याच रेषेवर दाबून बसवली की वडोदऱ्याच्या मे महिन्यातही काजळ सहसा गालावर उतरत नाही. पापणी तेलकट असेल तर आधी प्राइमरचा, म्हणजे रंग टिकावा म्हणून खाली लावायच्या क्रीमचा, अगदी पातळ थर द्या, नाहीतर दुपारपर्यंत सगळा रंग पापणीच्या घडीत रेघ होऊन जमा होतो.

यातला कोणताही परदेशी ब्रँड खिशाला जड वाटत असेल, तर एक मध्यम आणि एक गडद अशा दोन सुट्या मॅट शेड्स घ्या आणि वाचलेल्या पैशांत पसरवण्यासाठी एक मऊ, झुपकेदार ब्रश घ्या. पॅलेटसोबत मिळणाऱ्या स्पंजच्या काडीने मॅट रंग नीट पसरत नाही.