२००-५०० साठी जिम्बल हेड: शोध कुठवर आला

मंडळी, जिम्बल हेडचा, म्हणजे ट्रायपॉडवर जड लेन्स टांगून फिरवायच्या जोडाचा, विषय बरेच दिवस रेंगाळला होता तो आता बऱ्यापैकी मार्गी लागलाय, म्हणून काय काय बघितलं, काय हातात घेऊन तपासलं आणि शेवटी काय घेतलं ते एका जागी लिहून ठेवतोय. सेटअप म्हणजे निकॉन डी५०० कॅमेरा आणि २००-५०० मिमी एफ ५.६ लेन्स. लेन्स कॉलरसकट (ट्रायपॉडवर बसवायच्या कड्यासकट) २३०० ग्रॅम, बॉडी बॅटरी-कार्डसकट ८६० ग्रॅम, म्हणजे सव्वातीन किलोच्या जरा आत. या बॉडीवर ५०० ला फ्रेमचा कोन जेमतेम तीन अंशांचा उरतो, त्यामुळे हूडला (लेन्सच्या तोंडावरच्या नळीला) नुसता हाताचा धक्का लागला तरी पक्षी फ्रेमबाहेर जातो. हेड निवडताना हे तीन अंश डोक्यात ठेवायचे, बाकी सगळं त्यातूनच येतं.

आधी बॉलहेडबद्दल, कारण "चांगलं बॉलहेड आहे की, जिम्बल कशाला" हे खूप जण विचारतात. बॉलहेडमध्ये, म्हणजे गोळ्यावर फिरणाऱ्या साध्या हेडमध्ये, सगळं वजन बॉलच्या वर बसलेलं असतं. नॉब सैल केला की लेन्स एका बाजूला कलंडते, आवळला की पक्ष्यामागे फिरवता येत नाही, आणि मधलं ड्रॅग (फिरताना जाणवणारा अडथळा) कितीही नीट लावलं तरी एक हात कायम लेन्स धरण्यात अडकलेला. जिम्बलमध्ये लेन्सचा गुरुत्वमध्य आणि वर-खाली फिरण्याचा अक्ष एका रेषेत आणता येतो, लेन्स पाळण्यासारखी टांगलेली राहते आणि दोन्ही नॉब पूर्ण सैल सोडले तरी जिथे ठेवाल तिथे थांबते. जिम्बलची सगळी जादू ती एवढीच, आणि म्हणूनच ही रेषा ज्या हेडवर नीट जुळवता येत नाही ते हेड माझ्या लेखी बाद.

आता बॉक्सवरच्या आकड्याबद्दल. १० किलो, २० किलो, ३० किलो पेलतं असं सगळे छापतात. आपल्यापैकी बहुतेकांचं ओझं किती असतं? सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅम, टॅमरॉन जी२ साधारण दोन किलो, सोनी २००-६०० साधारण २१०० ग्रॅम, अगदी निकॉनचा ६०० एफ ४ ई घेतला तरी ३८१० ग्रॅम, त्यात बॉडी धरा. म्हणजे पाच किलोच्या पुढे जाणारा माणूस विरळाच. आकड्यावरून हेड निवडण्यात काही अर्थ नाही असं माझं ठाम मत झालंय. बघायचं ते हे की लेन्स ज्यावर बसते तो प्लॅटफॉर्म वर-खाली किती सरकतो, सैल सोडल्यावर हेड किती अलगद सुरू होतं, आणि लॉक केल्यावर कुठे खेळ राहतो का.

तपासायची पद्धत सांगतो, दुकानात दहा मिनिटांत होते, फक्त आपली लेन्स आणि बॉडी सोबत न्या. दुकानदाराने दिलेल्या छोट्या लेन्सवर काहीही कळत नाही.

सगळ्यात आधी हूड लावा, तो नंतर लावला की पुढचा भार बदलतो. कॉलर फिरवून फूट (कॉलरचा पाय) बरोबर खाली आणा, फूटला लावलेली प्लेट हेडच्या क्लॅम्पमध्ये सरकवा, टिल्टचा (वर-खाली फिरण्याचा) नॉब सैल करा पण एक हात लेन्सखाली राहू दे. आता प्लेट पुढे-मागे करत लेन्स आडवी थांबते का बघा. इथपर्यंत सगळेच करतात आणि बरेच जण इथेच थांबतात. खरी परीक्षा पुढे आहे. लेन्सचं तोंड ३०-४० अंश वर करा आणि हात अलगद काढा. ती आणखी वर जायला लागली, म्हणजे मागच्या बाजूला कलंडली, तर गुरुत्वमध्य अक्षाच्या वर आहे, प्लॅटफॉर्म खाली घ्या. ती आपोआप आडवी व्हायला परत आली तर गुरुत्वमध्य खाली आहे, प्लॅटफॉर्म वर घ्या. जिथे सोडली तिथे राहिली की झालं. मग तोंड खाली करून तेच पुन्हा. मी सुरय पक्ष्यांसाठी गुरुत्वमध्य अक्षाच्या किंचित खाली ठेवतो, हात सुटला तरी लेन्स क्षितिजाकडे परत येते आणि एकदम पायावर आपटत नाही.

दुसरी परीक्षा सुरुवातीच्या अडखळण्याची. लाइव्ह व्ह्यू चालू करून समोरच्या एखाद्या पाटीवर पूर्ण झूम करा, नॉब सैल ठेवा आणि हूडला एका बोटाने अगदी हळू ढकला. चांगल्या हेडवर पाटी हळूच सरकायला लागते. वाईट हेडवर आधी काहीच होत नाही, मग एकदम झटका बसून पाटी अर्धी फ्रेम पुढे गेलेली असते. हातात नुसतं फिरवून बघितलं तर दोन्ही हेड सारखीच लोण्यासारखी वाटतात, फरक फक्त ५०० ला मोठं करून बघितल्यावर दिसतो. हेच नॉब अर्धवट आवळून परत करा, कारण काही हेडमध्ये पूर्ण सैल असताना छान आणि जरा आवळलं की चिकटतं असं होतं. एका मित्राकडचं स्वस्तातलं हेड याच परीक्षेत गेलं, नाव घेत नाही, दिसायला अगदी दणकट होतं. तिसरी परीक्षा सोपी, दोन्ही नॉब लॉक करून हूडचं टोक धरून हलवायचं, बेसमध्ये किंवा आर्मच्या जोडात टक् असा आवाज किंवा हलका खेळ जाणवला तर पुढे जायचं नाही.

साइड माउंट प्रकारच्या जिम्बलचा विचार बराच केला, वजनाला हलकी असतात, बॅगेत सपाट बसतात. त्यात खालचा प्लॅटफॉर्म नसतो, लेन्सचं फूट बाजूला वळवून उभ्या क्लॅम्पमध्ये धरायचं. पण दोन गोष्टी मला पटल्या नाहीत. एक तर लेन्स लावताना एका हाताने सव्वातीन किलो हवेत धरून दुसऱ्या हाताने क्लॅम्प आवळायचा, चिखलात उभं राहून हे नको वाटतं. दुसरं म्हणजे फूट क्लॅम्पमध्ये बाजूला अडकलेलं असल्यामुळे कॉलरमध्ये बॉडी फिरवली की उंचीचं गणित आणि फूटची जागा दोन्हीकडे लक्ष द्यावं लागतं. निकॉनच्या ५०० पीएफसारखी १४६० ग्रॅमची लेन्स असती तर मी साइड माउंटच घेतलं असतं हेही सांगतो. बॉलहेडवर बसणारं विम्बर्लीचं साइडकिक हाही त्याच जातीतला पर्याय, आधीपासून भक्कम बॉलहेड असेल आणि लेन्स दोन किलोच्या आसपास असेल तर विचार करण्यासारखा.

विम्बर्लीचं पूर्ण हेड, डब्ल्यूएच-२००, एका ओळखीच्या काकांचं आहे, त्यांनी एक अख्खी सकाळ माझ्या हवाली केलं. सुंदर आहे, त्याबद्दल दुमत नाही. अर्धवट आवळलं तरी सुरुवात इतकी मऊ की ड्रॅग लावलंय हे विसरायला होतं. पण बाहेरून मागवून, ड्युटी भरून त्याचा जो भाव पडतो तो माझ्या लेन्सच्या किमतीच्या मानाने जास्त वाटला. शेवटी बेन्रोचं जीएच२ घेतलं. अल्युमिनियमचं, दीड किलोच्या आत, प्लॅटफॉर्म वर-खाली होतो, आर्का-स्विस (प्रचलित मापाचा) क्लॅम्प. २३ किलो पेलतं असं लिहिलंय, वर सांगितल्याप्रमाणे त्या आकड्याकडे मी बघितलंही नाही. लाइव्ह व्ह्यूच्या परीक्षेत विम्बर्लीपेक्षा एक पायरी खाली, पण झटका नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

प्लेट मात्र वेगळी घेतली, लांब. आपली ही लेन्स झूम करताना पुढे येते, त्यामुळे २०० ला जुळवलेला तोल ५०० ला पुढे झुकतो. सोनी २००-६०० किंवा निकॉन झेड १८०-६०० वाल्यांना हा प्रश्न जवळपास येत नाही, त्यांचं झूम आतल्या आत होतं. मी तोल ५०० लाच जुळवतो, कारण पक्ष्यांसाठी नव्वद टक्के वेळ तिथेच असतो, आणि २०० ला आलो तर टिल्टचं ड्रॅग जरासं वाढवतो. प्लेटच्या दोन्ही टोकांना स्टॉपचे छोटे स्क्रू आहेत ना ते बघून घ्या, क्लॅम्प चुकून सैल राहिला तर तेवढेच लेन्सला खाली पडू देत नाहीत.

मैदानातली पहिली खरी चाचणी कवडीपाटला केली, पुण्याहून सोलापूर रोडने लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा तो जुना बंधारा. नदीची अवस्था सगळ्यांना माहीत आहे, पण हिवाळ्यात चक्रवाक, शेकाटे, धोबी, नदी सुरय सगळे तिथे असतात आणि बंधाऱ्याजवळ ट्रायपॉड लावायला जागा मिळते. कवड्या धीवर जिम्बलसाठी आदर्श पक्षी आहे. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत लटकतो, मान खाली, मग थोडा पुढे सरकून परत लटकतो आणि मग दगडासारखा खाली. हातात लेन्स धरून तो लटकलेला असताना अर्ध्या मिनिटात खांदा भरून येतो आणि नेमका तो सूर मारतो तेव्हा आपण लेन्स खाली घेतलेली असते. जिम्बलवर डोळा व्ह्यूफाइंडरला लावून निवांत थांबता येतं. सुराच्या वेळी शटर १/२५०० वगैरेच ठेवावं लागतं, त्यामुळे शार्पनेस जिम्बलमुळे वाढला असं मी म्हणणार नाही, पण थांबायची ताकद वाढली आणि फ्रेममध्ये पक्षी राहायला लागला. शार्पनेसचा फायदा संध्याकाळी बसलेल्या पक्ष्यांवर दिसला, १/१०० ला आयएसओ खाली ठेवून काढलेले शेकाट्यांचे फोटो पिसांच्या टोकापर्यंत साफ आलेत.

हाताची ठेवण महत्त्वाची आहे. डावा तळहात लेन्सच्या वर, कॉलरच्या जरा पुढे, दाब न देता नुसता ठेवलेला. भुवई आयकपला टेकलेली. उजव्या हाताने ढकलायचं नाही, कमरेतून फिरायचं. व्हीआर (लेन्समधली कंपन कमी करायची सोय) चालू ठेवतो, नॉब सैल आहेत म्हणजे हाताचं कंपन आहेच, उडणाऱ्या पक्ष्यांना स्पोर्ट मोड.

जिम्बल कुठे नेऊ नये हेही लिहितो. ताडोब्याच्या जिप्सीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, तिथे मूगडाळ भरलेली बीनबॅग सगळ्यात भारी. भिगवणला कुंभारगावच्या होडीत तर नकोच, होडी डोलते, नावाडी बांबू मारतो, आणि रोहित पक्ष्यांचा फोटो जितका पाण्याच्या पातळीवरून घ्याल तितका छान येतो, म्हणून तिथे होडीच्या काठावर बीनबॅग किंवा तळाशी ग्राउंड पॉड (बसकं स्टँड). मात्र भिगवणच्याच काठावर, डिकसळच्या बाजूला, पट्टकदंबांचे थवे यायची वाट बघायची असेल तर जिम्बल न्याच. नांदूरमध्यमेश्वरच्या मनोऱ्यांवर लावता येतं, फक्त कोणी चाललं की फळ्या हलतात, त्यामुळे सोबतच्यांना जरा स्थिर उभं राहायला सांगावं लागतं.

आता उरलेला प्रश्न आहे पायांचा. जिम्बल फक्त दोन दिशांना फिरतं, आडवं आणि वर-खाली. बेस तिरका असेल तर पॅन करताना क्षितिज तिरकं होत जातं, दर वेळी कॉलर फिरवून सरळ करत बसावं लागतं. कवडीपाटच्या चिखलात एक पाय हळूहळू रुततो, त्यामुळे सकाळी लावलेली लेव्हल तासाभरात बिघडते. जिम्बल स्वतःच लेन्सला बरीच उंची देतं, म्हणून सेंटर कॉलम मी काढूनच टाकलाय, तो वर केलेला असला की चांगल्यातलं चांगलं हेडही डुलतं. एक पाय लेन्सच्या दिशेला, आपण मागच्या दोन पायांच्या मध्ये, उतारावर मात्र दोन पाय उताराकडे.

धूळ-चिखलातून आल्यावर ओल्या फडक्याने क्लॅम्पची खाच आणि नॉबच्या मुळाशी पुसून घेतो. ठाणे खाडी किंवा उरणला नेलं तर गोड्या पाण्याने भिजवलेलं फडकं, मग कोरडं, त्याच दिवशी. बेअरिंगमध्ये स्वतः तेल घालू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन ड्रॅग जातं.

पुढचं काम लेव्हलिंग बेसचं, म्हणजे पाय न हलवता हेड सपाट करता येतं अशा जोडाचं. दोन प्रकार डोळ्यासमोर आहेत, एक म्हणजे ट्रायपॉडच्या प्लेटवर बसणारा, ज्याने उंची आणि वजन थोडं वाढतं, आणि दुसरा हाफ बॉलचा, ज्यासाठी बाउलवाले, म्हणजे वर वाटीसारखी खोलगट जागा असलेले, पायच लागतात. माझे पाय सपाट प्लेटचे, ३/८ चा स्क्रू, त्यामुळे पहिलाच प्रकार बसेल. कोणी सव्वातीन-साडेतीन किलोच्या सेटअपखाली वापरत असाल तर एवढंच सांगा की लॉक केल्यावर हूड हलवलं तर बेसमध्ये खेळ जाणवतो का, आणि १५ अंशांची रेंज चिखलात पुरते का. ते कळलं की ऑर्डर टाकतो.